मंगलबाईंची नको तितकी चांगली झोप

आमच्या फॉर्मवर तिसरा प्रश्न होता, ‘आपण घोरता का?’ पुरुष त्याला हसत ‘हो’ म्हणत, काही जण तर अभिमानाने. बायका ‘नाही’ म्हणत, तेही माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत. मी त्या ‘नाही’पुढे पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढून ठेवत असे. आमच्या डॉक्टरांना ते आवडत नसे.

“पेशंट स्वतः नाही म्हणतोय, मग तुम्हाला काय माहीत?”

माहीत काहीच नसे. संशय असे.

मी झोपेच्या तपासणीची तंत्रज्ञ. उस्मानपुऱ्यातल्या एका छातीच्या डॉक्टरांकडे चौदा वर्षं हे काम केलं. लोकांना वाटतं, मी रात्रभर झोपलेल्या माणसांकडे टक लावून बसत असेन. तसं नव्हतं. आमच्याकडे घरी न्यायची एक पेटी होती, साबणाच्या डबीपेक्षा थोडी मोठी. ती छातीला पट्ट्याने बांधायची, नाकाखाली एक बारीक नळी, बोटाला चिमटा. रात्रभर श्वास, ऑक्सिजन, नाडी आणि माणूस कोणत्या कुशीवर आहे ते ती नोंदवते. सकाळी पेटी परत आली की मी संगणकावर नोंद उघडून वाचायची आणि डॉक्टरांपुढे ठेवायची. म्हणजे माझं काम सगळं दिवसाउजेडीचं. घरचे मला चिडवायचे, “लोकं झोपतात आणि हिला पगार मिळतो.”

आजार समजायला सोपा आहे. झोपेत गळ्याचे स्नायू सैल पडतात. काहींचे इतके, की श्वासाची वाट दबते, कधी पूर्ण बंद होते. छाती हलत राहते पण हवा आत जात नाही. ऑक्सिजन उतरतो, मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो, गळा उघडतो, माणूस पुन्हा झोपतो. असं रात्रभर चालतं आणि सकाळी त्यातलं काहीच आठवत नाही. उरतो तो थकवा.

आता माझ्या संशयाचं कारण. हा आजार जाड मानेच्या, ढेरपोट्या, छप्पर हादरवणाऱ्या पुरुषांचा, असं सगळेच धरून चालतात. काही अंशी खरं आहे. पाळी चालू असेपर्यंत बाईच्या अंगातली संप्रेरकं तिचा श्वास सांभाळतात, गळ्याच्या स्नायूंना जरा ताठ ठेवतात. पाळी गेली की हा पहारा उठतो. वजनही मान आणि पोटाकडे सरकतं. मग पन्नाशीतली बाई हळूहळू पुरुषांच्या रांगेत येऊन उभी राहते, पण तिला त्या रांगेत कोणी मोजत नाही. कारण ती घोरण्याची तक्रार घेऊन येतच नाही. ती सांगते, झोप लागत नाही, सकाळी डोकं जड असतं, चिडचिड होते, अंगातून वाफा निघतात. यातलं प्रत्येक वाक्य पाळी जाण्याच्या नावावर सहज खपतं. खपवणाऱ्यांत मीही होते.

मला शहाणं केलं ते औरंगपुऱ्यात बांगड्यांचं दुकान असलेल्या एका जोडप्याने. युसूफभाई घोरतात म्हणून त्यांच्या बायकोने, जुलेखा आपांनी, त्यांना ओढत आणलं होतं. मी युसूफभाईंना प्रश्न विचारत होते आणि आपा भिंतीला टेकून, पर्स मांडीवर धरून, गाढ झोपल्या होत्या. सकाळचे अकरा वाजले होते. मी सहज म्हटलं, आपांचीही तपासणी करून घ्या.

युसूफभाई हसले. “हमारे यहां औरतां घोरते नहीं मॅडम.”

आपांनी डोळे न उघडता उत्तर दिलं, “घोरने कू पहले सोना पडता ना.”

दोघांची तपासणी झाली. आपांचा ऑक्सिजन युसूफभाईंपेक्षा खाली गेलेला निघाला. त्या दिवसापासून मी वहीत एक रकाना वाढवला: ‘सोबत कोण आलं आणि तपासणी होईपर्यंत ते काय करत होतं.’ पुरुषाला बायको घेऊन येते, हे मला लवकर कळलं. बाईला बहुधा कोणी घेऊन येत नाही. ती स्वतःच्या दुसऱ्या कुठल्या तरी कामासाठी आलेली असते.

मंगलबाई अशाच आल्या, पित्ताशयातल्या खड्यांमुळे.

दुष्काळाची वर्षं होती. जायकवाडी धरणाचं पाणी तळाला गेलेलं, आणि इकडे बायपासच्या पलीकडे रोज नवी कॉलनी उभी राहत होती. गावाकडचं माणूस शहरात येत होतं आणि शहरात पाणी नव्हतं. आमच्या भागात नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं, तेही पहाटे चारला, दीड-दोन तास. ज्या घरात बाई असेल, ती उठायची. नसेल, तर शेजारची उठून दोन घरांचं भरायची.

मंगलबाई एकोणपन्नास वर्षांच्या, माझ्याच भागातल्या, दोन गल्ल्या सोडून. घरी डबे करायच्या. स्पर्धा परीक्षांच्या क्लासला आलेली पोरं त्यांच्याकडचं जेवायची. दोन्ही वेळचे मिळून तीसेक डबे. नवरा वैजापूरच्या मार्केट यार्डात मापाडी, काट्यावर धान्य मोजणारा, रविवारी घरी यायचा. मुलगी ऋतुजा बावीस वर्षांची, बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. खड्यांचं ऑपरेशन शनिवारी सकाळी ठरलेलं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई मात्र चिकित्सक होत्या. मंगलबाई त्यांच्यासमोर खुर्चीत बसल्याबसल्या पेंगल्या, तेव्हा त्यांनी लिहिलं, ‘आधी झोपेची तपासणी, मगच भूल.’

हे त्यांनी का लिहिलं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ज्याचा गळा झोपेत बंद पडतो, त्याला भूल आणि नंतरची वेदनेची औषधं जपून द्यावी लागतात. त्या औषधांनी गळा आणखी सैल पडतो, आणि जागं करणारा मेंदूही सुस्तावतो. हे आधी कळलं तर रात्री कोणी तरी नजर ठेवतं, ऑक्सिजन मोजत राहतं. नाही कळलं, तर पेशंट साध्या वॉर्डात शांत झोपलेला दिसतो, आणि सगळे म्हणतात, झोपू द्या.

बुधवारी दुपारी मंगलबाई पेटी न्यायला आल्या. तिसरा प्रश्न आला.

“घोरता का?”

“नाय बा.”

“कोणी सांगितलंय का कधी?”

“कोण सांगंल? ह्यांचा मुक्काम वैजापूरला. पोरगी अभ्यास करत बसती.”

“पाळी?”

“गेली की तीन वर्षांखाली. तवापासूनच हे असं लागलंय मागं. लई थकल्यावानी व्हतं. डॉक्टर म्हनले, वय झालं.”

मी प्रश्नचिन्ह काढलं. मग नेहमीच्या सूचना दिल्या, त्या मला पाठ होत्या: चहा संध्याकाळनंतर नको, नखाला रंग नको, पट्टा घट्ट बांधा. आणि शेवटची: “रात्री शक्यतो उठू नका. मधेच पेटी काढली तर तपासणी वाया जाते, परत नंबर लावावा लागतो, आणि नंबर दहा दिवसांनी लागतो.”

“म्हंजे शनवारचं ऑपरेशन?”

“पुढे जाईल.”

त्यांनी मान हलवली. संध्याकाळी त्यांच्या नवऱ्याचा फोन आला. रिपोर्ट नॉर्मलच येईल ना? मी म्हटलं, आला की कळेल. रात्री जेवताना परत फोन. “मॅडम, मला सुट्टी शनवार-रविवारचीच हाय. रिपोर्ट जरा बघून घ्या.” ‘बघून घ्या’ हा शब्द मला अजिबात आवडला नाही. वहीत मी लिहून ठेवलं, ‘नवरा घाईत. का?’

गुरुवारी सकाळी साडेनऊला पेटी परत आली. नोंद उघडली आणि माझ्या तोंडून “अरे वा” निघालं. सगळ्या नोंदीत ऑक्सिजनची रेघ अशी, की पट्टी लावून आखावी. श्वास एकसारखा. पहाटेपर्यंत एका कुशीवर, मग दुसऱ्या. कुठे खंड नाही, धडपड नाही. तपासणीपेक्षा ही जाहिरात वाटावी अशी झोप. मला खटकलं. पण त्याच आठवड्यात डॉक्टर मला म्हणाले होते, “तुम्ही पोलिसात जायला हवं होतं. इथं लोक बरे व्हायला येतात.” म्हणून मी गप्प बसले. नोंद ‘ठीक’ म्हणून पुढे केली, डॉक्टरांनी सही केली, आणि गुरुवारी यार्ड बंद म्हणून वैजापूरहून आलेले मापाडी स्वतः येऊन रिपोर्ट घेऊन गेले. ते लगेच निघाले, मी पाणी विचारेपर्यंत थांबलेसुद्धा नाहीत.

दुपारी डबा उघडला तर मला जांभया आवरेनात. आमच्या स्वागतकक्षातली बाई म्हणाली, “काय हो, तुमचीच तपासणी करायची का?”

“अगं, पहाटे पाणी होतं ना. चारपासून साडेपाचपर्यंत भरत होते.”

हे बोलले आणि पोळीचा घास तसाच हातात राहिला. माझ्या फ्रीजवर पाण्याच्या दिवसांचा कागद लावलेला होता. दवाखान्यात पेटीच्या नंबरांची वही होती. दोन्ही माझ्याच अक्षरात, आणि त्या दोन याद्या मी कधी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. मंगलबाईंची गल्ली माझ्याच लाइनीवर. तीस डबे करणारी बाई पाण्याच्या पहाटे सहा वाजेपर्यंत कुशीवर झोपून राहिली? कालत्रयी शक्य नाही.

नोंद परत उघडली. चार ते सहा, बाई आडवी. नाडी संथ. मग पहिला संशय अर्थातच नवऱ्यावर, की त्यानेच पेटी बांधून घेतली असेल. पण पोट सुटलेल्या पन्नाशीच्या पुरुषाची ही झोप असेल, तर मी आजवर काहीच शिकले नाही असं म्हणावं लागेल. ही झोप तरुण होती. आणि बाईची होती. तिच्या गळ्यावरचा पहारा अजून जागेवर होता.

मी डॉक्टरांच्या खोलीत गेले.

“तो रिपोर्ट मंगलबाईंचा नाही.”

“पुरावा?”

“रात्री पाणी होतं.”

“काय होतं?”

“पाणी, डॉक्टर. आमच्या लाइनीला.”

त्यांनी चष्मा काढला. त्यांच्या घरी बोअर होतं, त्यामुळे समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा म्हणाले, “दुसरं कोणी भरलं असेल.”

“म्हणूनच विचारून येते.”

मी स्कूटी काढली. जाताना रस्ताभर मनात पक्कं करत होते, नवऱ्याला काय काय सुनावायचं. बायकोचा जीव सुट्टीपेक्षा स्वस्त आहे का, हे वाक्य दोनदा म्हणून पाहिलं.

मंगलबाई स्वयंपाकघरात खाली बसून पोळ्या लाटत होत्या. नवरा पाटावर बसून डब्यांना झाकणं लावत होता, आणि तेही नीट, आधी भाजीची वाटी हलवून बघत. ही गोष्ट माझ्या तयार भाषणात कुठे बसेना.

मी बसले. विचारलं, “आज पहाटे पाणी किती वेळ होतं हो तुमच्याकडे?”

“साडेपाचला गेलं बघा मेलं. वरची टाकी अर्धीच झाली.” मंगलबाई बोलून गेल्या. मग लाटणं थांबलं.

“कोणी भरलं?”

आतल्या दारात ऋतुजा येऊन उभी राहिली. तिच्या नाकाखाली, जिथे नळी चिकटवतात तिथे, चिकटपट्टीचा लाल वळ अजून होता.

“आई, सांग ना,” ती म्हणाली.

“तुमीच म्हनले व्हते ना मॅडम,” मंगलबाई माझ्याकडेच रोखून बघत म्हणाल्या, “की उठायचं नाय, उठलं तर वाया जाती. आन् चारला पानी. मी उठले नसते तर डबे कशात केले असते? मंग म्हनलं, पोरीला बांधावं. ती काय, पडली की मेल्यावानी झोपती. वाया तरी जानार नाय.”

“पण तपासणी तुमची होती.”

“माझीच लेक हाय ती. रक्त एकच. ब्लड ग्रुप सुदिक एकच हाय आमचा. हनुवटी बघा.”

हनुवटी खरंच एक होती. नवरा माझ्याकडे, मग बायकोकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की हे त्याला आत्ता, माझ्याबरोबरच कळत होतं. माझं भाषण गेलं. या घरात कोणी मला फसवलं नव्हतं. उलट माझी सूचना इतकी काटेकोरपणे पाळली होती, की मी कोणावर चिडणार? ‘उठू नका’ हे मी कोणत्या शहरात, कोणत्या वर्षी, कोणाला सांगत होते?

मी त्यांना समजावलं, रक्त एक असलं तरी तिचा गळा बावीस वर्षांचा, तुमचा एकोणपन्नासचा. तिची पाळी आहे, तुमची गेली. तुमच्या दोघींत फरक पडला तो त्या तीन वर्षांतच.

“बायका घोरतात का पण मॅडम?” नवऱ्याने विचारलं. “मी तर आजवर ऐकलं नाय हिचं.”

“तुम्ही झोपता कुठं?”

“इथं आलो की गच्चीवर. उकाडा लई.”

“पप्पा,” ऋतुजा म्हणाली, “मी कानात बोळे घालून अभ्यास करते. मधेच आवाज बंद होतो, तेव्हा जास्त भीती वाटते. मग मी तिला हलवते.”

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही मला विचारलंच नाही.”

ते खरं होतं. मी सोबत आलेल्या माणसाचा रकाना ठेवला होता. घरी राहिलेल्याचा नव्हता.

शनिवारचं ऑपरेशन थांबलं. डॉक्टरांनी स्वतः फोन करून सही परत घेतली. मी रांगेतल्या एका पेशंटची विनवणी करून पेटी त्याच रात्री मंगलबाईंना दिली. सोबत एकच सूचना: काही करायचं असेल तर उठा, फक्त पेटी काढू नका. शुक्रवारी सकाळी नोंद उघडली. पहिल्या प्रहरात बरीच बरी. पण पहाटेकडे, स्वप्नांच्या झोपेत, ऑक्सिजन पायऱ्या उतरल्यासारखा उतरत होता. बायकांमध्ये हे असं असतं, आजार बराचसा स्वप्नांच्या वेळी लपून बसतो, म्हणून रात्रभराची सरासरी काढली की साधा वाटतो. मंगलबाईंचा साधा नव्हता. आणि त्या कितीतरी वर्षं बहुधा त्याच वेळी उठून पाणी भरत होत्या.

आधी गळा उघडा ठेवणारं हवेचं मशीन सुरू करायचं, मुखवटा लावून झोपायची सवय करायची, मग भूल, असं ठरलं. दोन आठवडे. त्या दोन आठवड्यांत एकदा मंगलबाईंना खड्यांची कळ आली. मापाड्यांचा फोन आला, वैजापूरहून, मागे बाजाराचा गलका.

“तुमच्या संशयापायी माझी बायको तळमळतीय तिकडं. काय झालं म्हंजे?”

मी बरोबर होते, असं मला वाटत होतं. पण कळ त्यांच्या बायकोला येत होती, मला नाही. त्या दिवशी मी दोनदा नोंद उघडून पाहिली, माझीच खात्री करायला.

ऑपरेशन झालं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी औषधं बेतून दिली, मुखवटा वॉर्डात लावून घेतला आणि बोटाचा चिमटा चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बघायला गेले. मंगलबाई मुखवटा लावून झोपल्या होत्या आणि मापाडी स्टुलावर बसून चिमट्याच्या आकड्याकडे बघत होते, काट्याकडे बघावं तसं. “सकाळी एकदा एक्क्याण्णव दाखवलं,” ते म्हणाले, “नर्सबाईंनी मुखवटा काढून ठेवला व्हता. मी लावायला लावला परत.” मग जरा थांबून, “तुम्ही ते पानी बरं वळखलं.” यापलीकडे त्यांनी माझ्याशी त्या विषयावर कधी बोलणं केलं नाही.

महिन्याभराने मंगलबाई मशीनचं दाखवायला आल्या. ऋतुजा सोबत होती. तिला मी आधी रकान्यात घातलं. मंगलबाईंचा चेहरा उतरलेला नव्हता, डोळ्यांखालची सूज गेली होती. सकाळी डोकं दुखत नाही म्हणाल्या. दुपारी डब्यांनंतर पडत नाही. मी खूश होऊन आकडे लिहीत होते. मग मंगलबाईंनी ऋतुजाला बाहेर पाणी आणायला पाठवलं.

“मॅडम, माझी सासू व्हती. ती अशीच. दुपारी तांदूळ निवडता निवडता झोपायची. भाजी करपायची. आवाज तर असा करायची की पोरं नक्कल करायचे. तिला पन हेच असंल का?”

“आता कसं सांगणार? तपासणी कुठे झाली त्यांची?”

“नाय, पन असंल का?”

मी पेन खाली ठेवलं.

“लई आळशी म्हनले मी तिला,” मंगलबाई म्हणाल्या. “पावण्यांसमोर म्हनले. ती हसायची नुसती. तिला बी वाटायचं, आपुन आळशीच.”

ऋतुजा पाण्याचा पेला घेऊन आली. मंगलबाईंनी तो हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत.